अठरा पूर्ण झाली, आता जामीन कोण?



नाताळ जवळ आला की आपल्या मंडळ्यांतून बालगृहांकडे केक, चादरी, स्वेटर जातात. जावेतच. पण त्याच बालगृहातला मुलगा अठराचा होऊन ट्रंक उचलून बाहेर पडतो, त्या दिवशी गेटवर आपल्यातलं कोणी नसतं. खानापूरकडचा असेल तर लोंढ्याहून गाडी धरून गोव्याच्या हॉटेलात भांडी घासायला जातो, नाहीतर उद्यमबागेत ठेकेदाराकडे रोजंदारीवर.

कायद्यात सोय आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 46 वं कलम अशांना आर्थिक आधार द्यायला सांगतं. एकवीसपर्यंत, अपवाद म्हणून तेवीसपर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत महिना 4000 रुपये आहेत. पण त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे बेळगावला खेपा घालायच्या, त्या पोराने एकट्यानेच ना? महाराष्ट्रात अमृता करवंदे यांच्या पाठपुराव्यामुळे 2018 साली अनाथांना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण मिळालं, चांगलंच झालं. आपण मात्र सीमेच्या अलीकडे.

माझ्या मते पैशापेक्षा मोठी अडचण ओळखीची आहे. खोली मागायला गेलं की जामीन विचारतात. कामावर "कोणाचा रे तू?" पहिला पगार महिन्याने, तोवर जेवायचं कुठे? आपला मुलगा पुण्याला गेला तर कुणीतरी आतेभाऊ महिनाभर ठेवून घेतो. या मुलांना तो आतेभाऊच नाही. मुलींचं तर आणखी वेगळं. स्थळ बघून लग्न लावलं की पुनर्वसन झालं असं धरतात. मला ते पटत नाही. आधी हाताला काम हवं.

पंडिता रमाबाईंना हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं. दुष्काळातून आणलेल्या मुलींना केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांनी नुसतं अन्न दिलं नाही. विणकाम, तेलघाणा, छापखान्यातली खिळेजुळणी शिकवली.

आपल्या लोकांची फाउंड्री आहे, गॅरेज आहे, बेकरी आहे, दवाखाने आहेत. प्रत्येकाने एक जण घ्यावा. उपकार म्हणून नको. पगार पुरा, पीएफ भरलेला. दुसऱ्या एखाद्या घराने खोलीसाठी जामीन राहावं, रविवारी उपासनेनंतर जेवायला बोलवावं. आणि हे सगळं अठराव्या वाढदिवसाला सुरू करून उपयोग नाही. सोळाव्या वर्षीच मुलांना आयटीआय दाखवा, आपल्या खानापुरातली कुंभारकाम शिकवणारी संस्था दाखवा. कन्नड अर्ज वाचता येईल एवढं कन्नडही शिकवा, इथे त्यावाचून अडतं.

"मध्येच काम सोडून गेला तर?" असं कोणी म्हणेल. आपली पोरंही सोडतात की! त्यांना आपण दुसरीकडे चिकटवतो.

तालुक्यातल्या फादरना, पाळकसाहेबांना आणि कमिटीच्या मंडळींना विनंती, पुढच्या सभेत एवढंच विचारा: येत्या जूनपर्यंत जवळच्या बालगृहातून कितीजण बाहेर पडणार आहेत आणि त्यांची नावं काय?

— एक वाचक, खानापूर