शाळेचा हॉल होतो तेव्हा...

सिव्हिलला चार वर्षं आपण नवी इमारत कशी उभी करायची तेच शिकतो. मोकळा प्लॉट, कॉलम, बीम, स्लॅब, झालं सबमिशन! पण उभी असलेली इमारत उद्या दुसऱ्याच कामाला लावायची ठरली तर? म्हणून इंग्लंडमधल्या एका शाळेबद्दल लिहितोय.

नॉर्थम्बरलंडमध्ये, स्कॉटलंडच्या सीमेजवळ, फोर्ड नावाचं खेडं आहे. 1859 मध्ये नवरा शिकारीत घोड्यावरून पडून गेला, त्यानंतर लेडी वॉटरफर्ड इथे राहायला आली आणि 1860 मध्ये तिने गावातल्या मुलांसाठी दगडी शाळा बांधली. बाई चित्रकार. पुढची वीसेक वर्षं खपून तिने वर्गाच्या भिंती बायबलमधल्या गोष्टींनी भरून टाकल्या. केन आणि एबल, सॅम्युअल, डेव्हिड. मॉडेल म्हणून उभी राहिली ती गावचीच माणसं आणि पोरंटोरं. म्हणजे पाटीवरून मान वर केली की समोर आपला शेजारी संत होऊन बसलेला! 1957 मध्ये शाळा बंद झाली. आज त्या वास्तूला लेडी वॉटरफर्ड हॉल म्हणतात.

शाळेचा हॉल इतका सहज होतो, कारण त्या काळी खेड्यातली शाळा म्हणजे बहुधा एकच लांब खोली. छपराचा भार बाहेरच्या जाड भिंतींवर, मधे खांब नाही. बाकं काढली की सभागृह तयार. उद्या कुणी हौसेने तिथे पार्टिशन नाहीतर फॉल्स सीलिंग घातलं, तर चित्रंच कापली जातील.

खरी गोची ओलाव्याची आहे. ही चित्रं गिलाव्यावर नाहीत, कागदावर जलरंगात काढून भिंतीवर बसवलेली आहेत. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. शंभर माणसांची सभा दोन तास चालली तर 10 लिटर! थंडीत ते गार भिंतीवर जमणार. त्यात कुणी जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा चोपडला (आपल्याकडे हे सर्रास चालतं) तर चुन्यातून बाहेर पडणारा ओलावा आतच अडकतो.

मग कुलूप लावून नुसतं म्युझियम करावं का? मला नाही पटत. ज्यांचे चेहरे भिंतीवर आहेत त्यांच्याच पतवंडांना दारात तिकीट फाडायला लावायचं? त्यापेक्षा माणसांची संख्या ठरवा, हवा खेळती ठेवा, चहाची किटली दुसऱ्या खोलीत न्या, भिंतीवर आर्द्रतामापक टांगा. दर आठवड्याला त्याचं रीडिंग वहीत लिहायला गावातलाच एखादा पोरगा पुरे.