पाण्याची पंगत

एकत्र कुटुंबांत जमिनीच्या वांटण्या तक्षिमेप्रमाणें होतात. पण पंगतींत भात कोणी तक्षिमेप्रमाणें वाढीत नाहीं. तेथें पानावर बसलेलीं माणसें मोजावयाचीं, एवढाच हिशेब. हा घरगुती न्याय पाण्यालाही लागू पडतो, हें पुरंदर तालुक्यांतील कांहीं गांवांनीं प्रत्यक्ष आचरणानें दाखविलें आहे.

१९७२ च्या दुष्काळांत पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे त्या भागांत हिंडले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांत जमीन असलेले शेतकरीही होते. नव्हतें तें पाणी. साळुंख्यांनीं नायगांव येथें देवस्थानाची सुमारें १६ हेक्टर पडीक जमीन भाडेपट्ट्यानें घेऊन तिच्यावर पावसाचें पाणी अडविलें व मुरविलें. त्या प्रयोगांतून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण करडे. पाणी माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासही वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाहीं. ऊस वर्ज्य.

यांतील शेवटचा नियम सर्वांत कडू, परंतु इतरांचा आधार तोच. दहा घरांनीं काटकसर करून राखलेलें पाणी अकराव्याच्या उसानें पिऊन टाकलें, तर पुढील वर्षीं काटकसर कोण करील?

या प्रश्नाची निकड आज वाढली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले. मोसमी पावसाचें एकंदर मान मात्र घटलें. मुसळधार सरीचें पाणी जमिनींत मुरण्यापूर्वींच वाहून जातें. म्हणून बांध, तळीं, पाझर हीं हवींतच. परंतु साठविलेलें पाणी कोणीं किती घ्यावें हें आधीं ठरलें नसेल, तर साठा बळकटाच्या पंपाकडेच जावयाचा.

“विहीर माझ्या जागेंत, खर्च माझा, मग पाणी माझें कां नाहीं?” असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, जमिनीखालचें पाणी सातबाऱ्याची हद्द ओळखीत नाहीं. एकानें खोल बोअर घेतली कीं शेजाऱ्याची उथळ विहीर आटूं शकते.

आपल्यापैकीं पुष्कळांची गांवीं शेती आहे. शहरांतील अनेक इमारतींच्या आवारांतही बोअर आहे. या पाण्यावर माणसें किती जगतात, आणि तूट आल्यास आपण प्रथम काय सोडणार, हे दोन प्रश्न वडीलधाऱ्यांनीं घरांत व शेजाऱ्यांशीं पाऊस चांगला झालेल्या वर्षींच बोलून ठेवावे. विहिरीनें तळ दाखविल्यावर नियम होत नाहींत, तंटे होतात.