बेरीज शंभर, म्हणून उत्तर बरोबर?

महागाई कशामुळे वाढली, मंदी कशामुळे आली, याचं उत्तर हल्ली अर्थतज्ज्ञ टक्क्यांत देतात. त्यासाठी पॅरिसच्या सेप्रेमाप संस्थेचं 'डायनेअर' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. अर्थव्यवस्थेची समीकरणं आणि तिला बसणारे धक्के आपण लिहून द्यायचे. मग ते तक्ता छापतं: चढउतारांपैकी इतके टक्के तंत्रज्ञानाच्या धक्क्याचे, इतके व्याजदराच्या. याला म्हणतात व्हेरिअन्स डिकंपोझिशन. बेरीज बरोब्बर १००!

जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या माणसाला इथेच शंका येते. अहो, बेरीज १०० येणारच. ज्यांची नावं आधी लिहिली, त्यांच्यातच वाटणी होते. ज्याचं नावच घेतलं नाही त्याचा वाटा शून्य, आणि त्याचं पाप दुसऱ्याच्या माथी!

पुढे तर कहरच आहे. धक्के एकमेकांशी निगडित असले, तर त्यांची नावं कोणत्या क्रमाने लिहिली यावर टक्के बदलतात. हे माझं म्हणणं नाही, डायनेअरच्या माहितीपुस्तिकेतच तसं लिहिलंय. हजेरीपटावरचा क्रम बदलला की गुन्हेगार बदलला...

"तुम्हाला काय करायचंय?" असं कुणी म्हणेल. स्मेट्स आणि वाउटर्स या दोन मध्यवर्ती बँकांतल्या अर्थतज्ज्ञांचं २००७ सालचं अमेरिकेवरचं प्रतिमान बघा. त्यात सात धक्के. दीर्घ मुदतीत महागाईच्या चढउतारांचा मोठा वाटा 'वेतनाच्या' धक्क्याकडे जातो. चारी, किहो आणि मॅकग्रॅटन यांनी २००९ मध्ये नेमकं बोट ठेवलं: हा धक्का म्हणजे कामगार संघटनांचा जोर वाढला, की लोकांनाच विश्रांती जास्त हवीशी वाटली? प्रतिमानाला दोन्ही सारखंच दिसतं. पण पहिलं खरं असेल तर सरकारने आवर घालायचा, दुसरं खरं असेल तर गप्प बसायचं. पॉल रोमर यांनी २०१६ मध्ये, मजुरांच्या पगारात मनमानी फेरफार करणारा राक्षस म्हणून या धक्क्याची टर उडवली, ती उगाच नाही.

सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढंच करतं. माझा राग आहे तो त्याचा तक्ता पुढे करून पगारदाराला दोषी ठरवणाऱ्यांवर. टक्के जरूर छापा. पण यादी कुणी केली, क्रम कुणी लावला आणि कुणाचं नाव गाळलं, तेही शेजारी छापा.

असो. मंडळी, तुम्हाला काय वाटतं?