‘नशिबातच होतं’ हे निदान नव्हे

“डॉक्टरसाहेब, लेकराच्या नशिबातच होतं, त्याला कोण काय करणार?”

रामदासपेठेतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी कितीतरी वर्षं ऐकतो आहे. गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून आलेले आईवडील ते म्हणतात, तसेच चार गल्ल्या पलीकडे राहणारे उच्चशिक्षितही म्हणतात. मीही पूर्वी मान डोलवायचो. एकदा सिकलसेलग्रस्त मुलाच्या आईनं विचारलं, “पुढच्या खेपेला काही करता येईल का?” बाहेर गर्दी होती. “देवावर सोडा,” म्हणून मी मोकळा झालो. तिचं दुसरं मूलही सिकलसेलग्रस्त निघालं. मी नीट उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. पण काय करायचं ते ठरवण्याची संधी तिला मिळाली असती. ती संधी नशिबानं नाही, मी घालवली. म्हणून हा लेख.

सिकलसेल हा आपल्या विदर्भातला आजार. नागपूर भागातली त्याची नोंद १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तो फक्त आदिवासींना होतो, हा गैरसमज आहे. अनुसूचित जाती, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत तो आढळतो. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. असं एक जनुक असेल तर माणूस वाहक (एएस), दोन्ही असतील तर रुग्ण (एसएस).

आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून ‘आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब नसतो. दर वेळी फासा नव्यानं पडतो.

हा फासा आपल्या हातात नाही, हे मान्य. पण फासा पडण्याच्या आधी आणि नंतर जे घडतं तेही नशीबच, असं म्हणणं मला मान्य नाही.

आधीचं पाहा. लग्न ठरवताना आपण ३६ गुण जुळवतो. ‘एकनाड म्हणजे रक्तगट एक’ असंही कुणी छातीठोकपणे सांगतं. नाडीचा रक्तगटाशी संबंध नाही आणि रक्तगटाचा सिकलसेलशी नाही. सिकलसेल कळतो तो रक्ताच्या साध्या तपासणीतून. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की रुग्ण हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. दोन वाहकांनी लग्न करूच नये, असं मी म्हणत नाही. माहीत असून करावं. गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा.

आता नंतरचं. ‘औषध दिलं असतं तर वाचलं असतं का?’ या प्रश्नाचं उत्तर एका मुलापुरतं कधीच मिळत नाही, कारण तेच आयुष्य दोनदा जगता येत नाही. पण अनेक मुलांचं मिळतं. १९८६ साली अमेरिकेत सिकलसेल असलेल्या तीन वर्षांखालच्या २१५ बालकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाला पेनिसिलिन आणि कुणाला तशीच दिसणारी दुसरी गोळी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. आजार दोन्ही गटांत तोच होता, फरक फक्त रोजच्या दोन गोळ्यांचा. पेनिसिलिनच्या गटात न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटात तीन मुलं दगावली, या गटात एकही नाही. अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. ती तीन मुलं नशिबानं गेली म्हणायचं, की गोळी न मिळाल्यानं?

यावर काही वाचक म्हणतील, “डॉक्टर, सगळं आधीच ठरलेलं असतं.” क्षणभर मानू या. मग गोळी घेणं आणि त्यानं जीव वाचणं हेही ठरलेलंच असेल की! ‘ठरलेलं’ हे गोळी न घेण्याचं कारण होऊच शकत नाही.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘हिच्याच माहेरचं दुखणं’ म्हणून सुनेकडे बोट दाखवणाऱ्या सासूबाईंना मी एवढंच सांगतो: एसएस मुलात एक जनुक आईचं असतं, दुसरं तुमच्या मुलाचं. कोणतं जनुक द्यायचं हे कुणी निवडलेलं नाही, म्हणून दोष कुणाचाच नाही. जे निवडता येत होतं आणि यापुढेही येईल, त्याची जबाबदारी मात्र आहे. त्यात आम्ही डॉक्टरही आलो.

तेव्हा एवढं करा. लग्नाआधी तपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ती सरकारी केंद्रांत मोफत होते. घरात रुग्ण असेल तर लसी चुकवू नका. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात पाणी कमी पडू देऊ नका. हायड्रॉक्सियुरियाबद्दल डॉक्टरांना विचारा. त्यानं वेदनेचे झटके कमी होतात. दिलं तर ते नियमित आणि देखरेखीखाली घ्या.

आणि एखादा डॉक्टर “देवावर सोडा” म्हणाला, तर खुर्चीवरून उठू नका. प्रश्न पुन्हा विचारा.