आहे त्या स्थितीत

कसब्यात किंवा शनिवार पेठेत एखादा वाडा विकला गेला की ती बातमी पहिल्यांदा कळते ती चहाच्या टपरीवर. 'रोखीत गेला म्हणे!' एवढे तीन शब्द पुरतात. ऐकणाऱ्याला विकणाऱ्याचा हेवा वाटतो आणि घेणाऱ्याविषयी आदर वाटतो. आत राहणाऱ्या माणसांची आठवण मात्र कोणालाच होत नाही. मी हे त्या माणसांच्या बाजूने लिहीत आहे, पण मालकाला शिव्या देण्यासाठी नव्हे.

मालकाचे दुखणे खरे आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. ती गोठवणूक न्याय्य राहिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत १९९७ साल उजाडले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. पन्नास रुपये भाड्यावर ही वाढ महिना दोन रुपये! वर्षभराच्या वाढीत एक मंगलोरी कौलसुद्धा येणार नाही. वाड्याला तर दगडी जोते, सागवानी सांगाडा आणि विटा व पांढऱ्या मातीच्या भिंती. एक पन्हळ फुटली की पाणी भिंतीत मुरते, माती सुटते आणि तुळईचे टोक कुजू लागते. दुरुस्ती कोणी करायची यावर दोन्ही बाजू भांडत राहतात, आणि पावसाळे काही कोणासाठी थांबत नाहीत.

मग महापालिकेची नोटीस येते. 'धोकादायक' हा शब्द रहिवाशाची झोप उडवतो आणि गिऱ्हाइकाची भूक वाढवतो. इतके दिवस न फिरकलेले गिऱ्हाईक आता दारात उभे राहते. 'आहे त्या स्थितीत घेतो, पैसे रोख,' एवढेच त्याचे म्हणणे.

पण 'आहे त्या स्थितीत' म्हणजे नेमके काय? भिंतीची भेग दिसते, ती घेणाऱ्याने पाहून घ्यावी, हे ठीक. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने ठाऊक असलेले छुपे दोष सांगायचे असतात, आणि भाडेकरूही घराबरोबरच नव्या मालकाकडे जातात. इतकेच नव्हे, पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीचाही असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात ठरवले. कायदा इतका स्पष्ट असल्यामुळेच घेणारा कोर्टाच्या वाटेला जात नाही. तो माणसे दमवतो. नळाला पाणी येईनासे होते, जिन्याचा कठडा निघतो, आणि मग कोणीतरी गोड बोलून पाकीट पुढे करतो. माझ्या ओळखीच्या एका आजींनी 'राजीखुशीने ताबा सोडत आहे' या कागदावर सही केली. पाकिटात किती होते ते त्यांनी घरातही सांगितले नाही.

रोखीचा मोह का, हे उघड आहे. कागदावर किंमत कमी दिसते आणि कर वाचतो. २०१५ च्या दुरुस्तीने स्थावराच्या विक्रीत २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई झाली, पण टपरीवरच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. मला करापेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला वाटा मिळालाच, तर तो कागदावरच्या किमतीतला. वरची रक्कम भावांच्या कपाटात जाते. आणि खरा आकडा कोठेच लिहिलेला नसल्यामुळे 'तेवढे आम्ही देतो' असे म्हणण्याची सोय भाडेकरूंनाही राहत नाही.

मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाच्या कायद्यात अलीकडे दुरुस्ती झाली. इमारत धोकादायक ठरली की पुनर्बांधणीची पहिली संधी मालकाला, त्याने काही केले नाही तर दुसरी भाडेकरूंच्या संस्थेला, अशी त्यामागची कल्पना. पुण्याच्या वाड्यांना ती लागू नाही. ती लागू करावी आणि विक्रीपूर्वी मालकाने भाडेकरूंना किंमत लेखी कळवावी, एवढीच माझी मागणी आहे. 'भाडेकरू पैसे कोठून आणणार?' असे आमचे एक प्राध्यापक विचारतात. गिऱ्हाईक तरी सगळे खिशातून कोठे आणते? त्या जागेवर उद्या जे बांधता येईल, त्याच्याच जोरावर तोही पैसा उभा करतो.

अडचण आहे ती शनिवारवाड्याभोवती. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी झाली. तेथे दुरुस्ती करता येते, तीही परवानगी काढून. त्या पट्ट्यातला पडका वाडा पाडून मालकाला काही बांधता येत नाही, आणि भाडेकरूला नव्या खोलीचे आश्वासन देणाराही कोणी नाही. तेथे दुरुस्तीचा खर्च सरकारने उचलावा, कारण बंदी सरकारची आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आत उचलावा.