अंथरूण कोणी विणलं होतं?

आमच्या कट्ट्यावर हल्ली दोनच विषय चालतात. एक म्हणजे, रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती. दुसरा, आजची पिढी पैसा कसा उडवते. पहिल्या विषयावर सगळे चिडतात आणि दुसऱ्यावर सगळे खुलतात. "आम्ही अंथरूण पाहून पाय पसरले", "एका पगारात दोन बहिणींची लग्नं केली", "हॉटेल म्हणजे वर्षातून एकदा, तेही निकालाच्या दिवशी". मीही यात मागे नव्हतो. पस्तीस वर्षं वर्गात बोलायची सवय, त्यामुळे माझं भाषण जरा जास्तच रंगायचं.

दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव सांगत नाही. वय सेहेचाळीस, मुंबईत एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला. फराळ झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि उठता उठता तो म्हणाला, "सर, चाळीस हजार हवे होते. धाकटीच्या शाळेची फी थकलीय. महिन्याला दोन दोन हजार करून परत करीन." मी पैसे दिले. पण नुसते दिले असते तर मी मास्तर कसला? त्याच्या हातातल्या नव्या मोबाइलकडे बघून चांगला पंधरा मिनिटं उपदेश केला. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, कागद आहे?"

कालनिर्णयच्या उलटलेल्या पानामागे त्याने हिशेब मांडला. त्याचा हातात येणारा पगार ३८ हजार. बायको घरी शिकवण्या घेते, त्याचे ७. एकूण ४५. घराच्या कर्जाचा हप्ता साडेएकोणीस. दोन मुलांची फी वर्षाला एक लाख दहा हजार, म्हणजे महिन्याला ९,२०० धरा. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचा आणि या चौघांचा आरोग्यविमा वर्षाला ५४ हजार, म्हणजे महिन्याला साडेचार. बेरीज ३३,२००. उरले ११,८००. त्यात पाच माणसांचं वाणसामान, दूध, गॅस, वीज, आईची औषधं, त्याचा लोकलचा पास आणि आलागेला. "आणि मोबाइल," तो म्हणाला, "जुना फुटला. ऑफिसचं अर्धं काम त्यावरच असतं. अकराशेप्रमाणे दहा हप्ते."

म्हणजे अकरा हजार. अडीच महिन्यांचा विमासुद्धा त्यात येत नाही. आणि मी पंधरा मिनिटं त्या मोबाइलवर बोललो होतो.

तो गेल्यावर त्याच कागदावर मी माझा हिशेब मांडला. १९८१ साली मी डोंबिवलीत ब्लॉक घेतला तो ४२ हजारांना, तेव्हा माझा पगार हजाराच्या आतबाहेर. म्हणजे बेचाळीस महिन्यांचा पगार, तोही माझ्या एकट्याचा. कर्ज शिक्षकांच्या पतपेढीचं. या मुलाचं घर त्याच पट्ट्यात, स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटं, चौतीस लाखांना. त्याचे नव्वद महिने होतात. आता काटकसर कोणी जास्त केली, सांगा.

आणि बाकीचं? मी स्वतः ई.बी.सी.च्या सवलतीवर शिकलो, नाहीतर बी.ए. होणं आमच्या घरात शक्य नव्हतं. माझी शाळा खाजगी संस्थेची, पण अनुदानित, म्हणून पगार सरकारी तिजोरीतून यायचा. महागाई वाढली की महागाई भत्ता वाढायचा. माझ्या दोन्ही मुलांची शाळेची फी मला आठवतही नाही, इतकी ती किरकोळ होती. पत्नीची दोन्ही बाळंतपणं सरकारी दवाखान्यात झाली. पी.पी.एफ.ला १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के व्याज होतं. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण रिकाम्या तासाला गणितही घेतलेलं आहे, त्यामुळे एवढं सांगू शकतो: १२ टक्क्यांनी पैसा सहा वर्षांत दुप्पट होतो. एप्रिल २०२० मध्ये हा दर ७.१ वर आला. त्याने दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. कोणी म्हणेल, तेव्हा महागाईही जास्त होती. कबूल. पण त्या महागाईची भरपाई मला भत्त्यातून मिळत होती. या मुलाला तो शब्द फक्त बातम्यांत ऐकू येतो.

पेन्शनचं तर विचारूच नका. मी २०१० साली निवृत्त झालो. तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा होते, तिच्यावर भत्ता चढतो, माझ्यामागे पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांसाठी ही पद्धत बंद केली. त्यांनी निदान मार्च २०२३ मध्ये संप तरी केला. माझा विद्यार्थी १९९५ च्या ईपीएस योजनेतला. २०१४ साली त्या योजनेत पगाराची मर्यादा १५ हजार ठरली. त्या मर्यादेवर आणि सूत्राप्रमाणे बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला महिन्याला सात हजारांच्या आसपास मिळतात. ते सात हजार पहिल्या वर्षीही सात आणि विसाव्या वर्षीही सातच, कारण त्यावर भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये. महिन्याचे! बुलढाण्यात या पेन्शनरांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं चालवलं. आमच्या कट्ट्यावर त्याचा उल्लेख एकदाही झालेला मला आठवत नाही. रेल्वेच्या सवलतीचा रोज होतो.

तर मंडळी, आपण अंथरूण पाहून पाय पसरले हे खरं. पण ते अंथरूण आपण विणलेलं नव्हतं. ते अनुदानाचं, भत्त्याचं, सरकारी दवाखान्याचं आणि १२ टक्क्यांचं होतं. आपण त्यावर झोपलो, आणि सकाळी उठून त्याचं श्रेय आपल्या पायांना दिलं.

बरं, ते काढून घेतलं गेलं तेव्हा आपण काय करत होतो? टाळ्या वाजवत होतो. १९८३ साली वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली तेव्हा स्टाफरूममध्ये मी म्हणालो होतो, बरं झालं, आता चार टक्के कमी पडलेल्या मुलांची सोय होईल. पुढे माझा मुलगा अशाच कॉलेजात शिकला, त्याच्या फीला माझा प्रॉव्हिडंट फंड होता. २००० साली शिक्षणसेवक आले. तीन हजार मानधनावर डी.एड. झालेली पोरं राबू लागली. आम्ही कायम शिक्षक त्यांच्या बाजूला बसून पूर्ण पगाराच्या स्लिपा मोजत होतो. एखाददुसरं निवेदन दिलं असेल. आपल्या पगाराला धक्का लागला असता तर निवेदनावर थांबलो असतो का? १९७७-७८ साली राज्यातले कर्मचारी ५४ दिवस संपावर होते.

नगरपालिकेची शाळा आपण आधी सोडली, मग ती ओस पडली. उलटं नाही. सरकारी दवाखान्याचंही तेच. जोवर मास्तर, कारकून, पोस्टमन तिथे रांगेत होते तोवर डॉक्टर जागेवर नसला की कोणीतरी वर्तमानपत्रात पत्र लिहायचं, नगरसेवकाला गाठायचं. आपण खाजगीकडे गेलो आणि तिथे तक्रार करणारं कोणी उरलं नाही. आता या मुलाला तिकडे जायची भीती वाटते, म्हणून तो साडेचार हजारांचा विमा भरतो. त्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा तो उठला, चांगलं झालं. पण आधीची आठ वर्षं आजारपणाच्या भीतीवर सरकार कर घेत होतं, हे विसरायचं का? ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावं, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलं. त्याचंही स्वागत झालं. पण दरसाल १० टक्के म्हणजे सव्वासात वर्षांत दुप्पट. पगार सव्वासात वर्षांत कोणाचा दुप्पट होतो?

"अहो मास्तर, मध्यमवर्ग आटतोय कुठे? गाड्या बघा रस्त्यावर," असं म्हणणारे आहेत. गाड्या दिसतात, त्यामागचे हप्ते दिसत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्याच आकड्यांप्रमाणे २०२२-२३ साली घराघरांची निव्वळ आर्थिक बचत देशाच्या सकल उत्पादनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास उतरली, कित्येक दशकांतली सर्वात कमी. आणि 'मध्यमवर्ग' म्हणजे कोण, हेही एकदा ठरवायला हवं. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंत आयकर माफ झाला, वर्तमानपत्रांनी पानभर 'मध्यमवर्गाला दिलासा' छापलं. माझ्या विद्यार्थ्याला काय मिळालं? शून्य. नव्या करपद्धतीत ७ लाखांपर्यंत कर लागत नव्हताच, त्यामुळे तो आधीही भरत नव्हता. तो कर भरतो तो साबणावर, चपलांवर, मोबाइलच्या रिचार्जवर. त्याला कोणी 'करदाता' म्हणत नाही. माझं पेन्शन तिजोरीवर बोजा आहे असं लोक म्हणतात. असेल. पण मग त्यात त्याच्या साबणाचाही वाटा आहे, आणि त्याला मी काटकसर शिकवत होतो.

कट्ट्यावर आणखी एक राग आहे, तो 'फुकट वाटण्या'वर. लाडक्या बहिणीला १,५०० दिले म्हणून देश बुडाला म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोला ते मिळत नाहीत, कारण घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर. तिला राग आला तर मी समजू शकतो. आम्हाला कसला राग? ई.बी.सी.वर शिकून, अनुदानावर पोसून, भत्त्यावर निवृत्त झालेल्यांनी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दीड हजारावर बोलायचं, याची आता मला लाज वाटते. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली हे मलाही कळतं. पण या मुलाचं अंथरूण तिने ओढलेलं नाही.

सत्तरीच्या दशकात, १९७२ च्या सुमाराला, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागे मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यात चाळीतल्या होत्या तशा पांढरपेशा घरांतल्याही होत्या. तेल, साखर, रॉकेल परवडत नाही हे चारचौघांत ओरडून सांगायला त्यांना संकोच वाटला नाही. हा मुलगा ओरडत नाही. सुट्टी घेतली तर पगार कापतात, आणि सोसायटीत कोणाला कळू नये म्हणून तो पैसे मागायला शेजारी न जाता तीस वर्षांपूर्वीच्या मास्तराकडे येतो. मास्तरच उपदेश करणार असेल तर तो पुढच्या वेळी कोणाकडे जाईल? घरबसल्या दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप त्याच्या त्या मोबाइलमध्ये आहेतच.

परवा तो कागद मी कट्ट्यावर नेला. नाव झाकून सगळा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. हप्ता, फी, विमा, उरलेले ११,८००, शेवटी मोबाइलचे अकराशे. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातले एक निवृत्त अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण मोबाइल कुठल्या कंपनीचा आहे?"