पाडण्याआधी मापे तरी घ्या!

वाडा बिल्डरला द्यायचा ठरला की घरात बैठका झडतात. कोणाला किती चौरस फूट, देवघराची सागवानी चौकट कोण नेणार, सारे ठरते. शेवटी चौकात सगळ्यांचा एक फोटो निघतो. वाड्याची मापे मात्र कोणी घेत नाही.

फोटोवरून वाडा आठवतो, पुन्हा बांधता येत नाही. पुणेकरांना हे सांगायला नको. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला. तट आणि जोती उरली. वरच्या मजल्यांविषयी आपण अजून तर्कच लढवतो आहोत. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे ओकचे छत २०१९ साली असेच जळाले. पण २०१४ मध्ये दोन वास्तुविशारदांनी त्यातले लाकूड न् लाकूड हाताने मोजून कागदावर उतरवले होते. त्या नकाशांच्या आधारे सुतारांनी छत पुन्हा उभे केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले.

‘आमचा वाडा म्हणजे काय नोत्र दाम आहे?’ असे कोणी विचारील. नाही ना! पण कुजलेली तुळई बदलायची, तर तिची लांबी-जाडी आणि तिच्यावर कशाचा भार आहे हे कळायला हवे. भिंत कलते आहे की फुगली आहे, हे ओळंबा सोडल्याशिवाय समजत नाही. आणि भाडेकरूची खोली नेमकी केवढी होती, हा वाद खोली पाडल्यावर मिटवायचा कसा?

यासाठी तीस मीटरची फीत, ओळंबा, वही आणि दोन माणसे पुरतात. मापे एका टोकाला शून्य धरून सलग घ्यावीत. तुकड्यातुकड्याने घेतली की चुका साचत जातात. चौकोनी दिसणारी खोली खरेच काटकोनात आहे का, हे दोन्ही कर्ण मोजल्यावर कळते. बाहेरच्या मापातून आतली मापे वजा केली की भिंतींची जाडी निघते. आमच्या माजघरात हा हिशेब दोन हातांनी चुकला, तेव्हा बुजवलेले बळद सापडले. आत धान्य नव्हते, सोने तर नव्हतेच. पण त्या पोकळीच्या डोक्यावर आम्ही पाण्याची टाकी बसवायला निघालो होतो!

वास्तुकला महाविद्यालयांतले विद्यार्थी अशी मोजणी अभ्यास म्हणून करतातच. जुना वाडा पाडायची परवानगी देताना महापालिकेने मोजून काढलेल्या नकाशांची एक प्रत मागून घ्यावी आणि ती या मुलांकडून करवून घ्यावी. चहा-पोहे वाड्याचे मालक देतील.